एक कन्या

भाषांतराची मुदत गुरुवारपर्यंत.
आल्टेनवीरचा सरदार ओटबेर्ट, बारावं शतक,
चारशे शब्दांत बसवायचा आहे.
अडले, तेव्हा त्याला पिशवीत घातलं
आणि होळकर पुलावरून पंचवटीत नेलं,
वासुकाका गायधन्यांकडे.
लाल कापडात बांधलेल्या नामावळींतून ते
कुणाचाही खापरपणजोबा
चहा निवायच्या आत काढून देतात.

"गाव?"
दोन नद्यांच्या मधला एक बुरूज.
"म्हणजे भांडणाचं गाव."

हो. आधी बिशपच्या बाजूनं सम्राटाशी लढला.
पुलावरची जकात बिशपनं दिली नाही,
तेव्हा सम्राटाच्या बाजूनं बिशपशी.
शपथ दोन्ही वेळा एकाच संताच्या
बोटाच्या हाडावर.
काका हसले. "हाड काय म्हणालं?"

मग लग्नं सांगितली.
पहिलं, एका मिठाच्या खाणीशी.
दुसरं, तीनशे घोडेस्वारांशी.
बहीण वैऱ्याच्या घरी दिली, तह एक हिवाळा टिकला.
मुलगी नऊ वर्षांची; ती दिली,
ज्याची गढी आदल्या उन्हाळ्यात जाळली, त्यालाच.
"सोयरीक," काका म्हणाले,
आणि तंबाखू थुंकायला उठले.

आल्यावर: "मुलीचं नाव?"
मुळात नाही. 'एक कन्या', एवढंच.

काही न बोलता त्यांनी वरच्या फळीवरची वही काढली.
शाई तपकिरी पडलेली, कडा उंदरांनी खाल्लेल्या.
शके सतराशे बारा, सिन्नरकडचे कुणी देशमुख,
चार मुलगे नावानिशी,
कुणी कुठल्या फौजेत, कुणाला कुठलं वतन,
धाकटा निजामाकडे गेला नि परत आला, तेही.
खाली, ओळ संपता संपता:
कन्या १.

काकांचं बोट त्या आकड्यावर बराच वेळ.
खाली कुंडावर कुणाचा तरी मुलगा
दर्भाची अंगठी सैल होते म्हणून
मूठ आवळून उभा होता.

"मेला कसा तुझा सरदार?"
वेढ्यात. हगवणीनं.
ज्याच्यासाठी वेढा घातला
तो आदल्या रात्रीच पलीकडे जाऊन मिळाला होता.
"शेवटी पाणी कुणी पाजलं?"
तेही मुळात नाही, काका.

रात्री मोजले तर चारशे तेरा शब्द.
एक तह काढला. जकात काढली.
बिशपचं नाव फार लांब होतं, तेही गेलं.
'एक कन्या' ठेवली,
आणि तिच्यापुढे बोटभर जागा.
संपादक विचारतील, हे काय?
म्हणेन, टाइप करताना राहिलं.