फाटलेला कोपरा

दुंडाप्पा पेंटरकडे मूळ चित्राचा एकच कागद होता,
तंबाखूच्या वासाचा, चार घड्यांवर झिजलेला.
डावीकडे रोखीचा शेठ, ढेरीवर सोन्याची साखळी,
उजवीकडे उधारीवाला, कपाळाला हात,
आणि त्याच्या पायाशी
जिथं काहीतरी असणार, तिथं कागदच नव्हता.

निपाणीत पी. बी. रोडच्या दर दुकानाला
हेच चित्र लागायचं, हातानं काढलेलं.
ढेरी मी भरायचो.
बरगड्या तो स्वतः काढायचा, मोजून सात.

कोपऱ्यात दरवेळी नवं काही:
कधी मांजर, कधी उलटी चप्पल,
एकदा तर वखारीतून सुटलेली बाई, डबा घेऊन उभी.
चेहरा मी ओळखला. बोललो नाही.

मग पाट्यांचा हुकूम आला.
खालच्या दोन ओळी पुसून कन्नडात लिहिल्या,
वरचे दोघे जागचे हलले नाहीत.
साल म्हंजे मराठीत वर्ष, कन्नडात कर्ज,
दुंडाप्पा ब्रश पुसत म्हणाला,
एक सरतंय, एक सरत न्हाई बघ.

शेवटचं चित्र बाळगोंडा शेटनं नेलं.
कोपरा कोरा बघून पाच रुपये कापले,
उरलेले दिवाळीला, म्हणाला.
कुठल्या दिवाळीला, ते राहिलंच.

परवा हुबळीच्या जुन्या बाजारात
अख्खं चित्र सापडलं.
कोपऱ्यात उंदीर, तीन, आणि उघडी तिजोरी.
बाई नव्हती.
न्या की, पैसे सावकाश द्या, विकणारा म्हणाला.
मी बरगड्या मोजल्या.
सहाच होत्या.