काटा

सांगलीच्या हळदबाजारात तेवीस वर्षं
काट्यापाशी उभा आहे मी.
हात पिवळेच. साबणाला दाद देत नाहीत,
रविवारी प्रभुभोजनाचा प्याला घेतानाही पिवळे.

शेठ हळूच म्हणाला, "पोत्यामागं पाव किलो, सिलास.
कोण बघतंय?"
मला कुपवाडचा दीड गुंठा दिसला,
सुवार्तेच्या नावाची पाटी, दारात लिंबाचं रोप.
रात्रभर मी त्या घराला रंग देत होतो.

प्रभूची प्रार्थना लहानपणापासून पाठ.
पण त्या रविवारी 'इच्छा' या शब्दापाशी
आवाज अडकला,
ओल्या पोत्यात परखी अडकते तसा.
बाकीचे पुढं गेले. आमेनला गाठलं मी त्यांना.

सोमवारी डोंगरसोनीची एक बाई आली,
सहा पोती, पदराला बांधलेलं एसटीचं तिकीट.
काटा हलला, थांबला.
मी आकडा मोठ्यानं वाचला:
बावन्न किलो तीनशे.
शेठनं पानाची पिंक टाकली.

आता त्याच्याकडं दुसरा माणूस आहे.
मी पलीकडच्या गाळ्यावर, रोजंदारीनं.
कुपवाडवरून सायकल जाते तेव्हा
नजर वळतेच.
कुणीतरी जोतं बांधलंय तिथं.

देवा, तुला ठाऊकच आहे, तरी सांगतो:
हवंसं वाटणं अजून गेलेलं नाही.
ते काट्यावर ठेवत नाही, एवढंच.