तिसऱ्या पातळीपासून

उत्तर वेल्समधल्या आमच्या गावात, शुक्रवारी रात्री,
पबच्या मागच्या खोलीत
हेलेधने चार दुमडलेली पानं टेबलावर ठेवली.
"माझा ड्रुइड. पुस्तकातला नाही. घरी गाळलेला."
बाहेर पाटीच्या दगडाचे ढिगारे भिजत होते
नेहमीसारखेच, कुणाला न विचारता.

मी खेळाचा सूत्रधार. नियम तपासणं माझं काम.
चष्मा पुसून वाचायला घेतलं.

पहिल्या पातळीला तो साधाच,
पानांशी बोलतो, ओढ्याला वाट विचारतो.
दुसरीला अस्वल होतो, ससाणा होतो,
ते काय, सगळ्यांचेच होतात.
तिसरीपासून अक्षर बदललेलं.
पेन कागदात रुतलेलं.

*तो प्राणी निवडत नाही.
त्या जागेचं जे झालं असेल, ते त्याच्या अंगात येतं.
खाणीपाशी उभा राहिला तर जबडा फुटतो दगडी,
थरावर थर, आणि प्रत्येक थरात एक खोकला.
धरणापाशी मासा, पण घराएवढा,
डोळ्यांच्या जागी खिडक्या, पडदे अजून हलताहेत.
तोडलेल्या रानात पाय शेकडो, सगळे बुंधे,
डोकं नाही.
डोकं ट्रकमधून गेलं.*

तुदुर हसला. मग हसायचा थांबला.
मार्चमध्ये नव्या रस्त्यासाठी ओक पाडले
त्यातली एक करवत त्याच्या बापाच्या हातात होती,
दुसरी हेलेधच्या बापाच्या.
घराचे हप्ते होते. कोण कुणाला बोलणार?

"किंमत?" मी विचारलं. "एवढं बळ फुकट देता येत नाही."
तिने पान उलटलं.
*प्रत्येक रूपामागे एक शब्द जातो.
आधी लांबचे : पावती, मंगळवार.
मग चमचा. मग दार. मग आईला मारायची हाक.
आणि राग कुणावर काढायचा, ते त्याच्या हातात नाही.*
"पूर काय दारावरची नावं वाचून आत शिरतो?"

"मग परत माणूस कसा होणार?"
"कुणीतरी जवळ जायचं. दात मोजता येतील इतकं.
आणि तोडलेल्या एका तरी झाडाचं नाव घ्यायचं.
जातीचं नाही. त्याचं स्वतःचं."
"झाडांना कुठे नावं असतात?" मेरेरिद पुटपुटली.
"होती," हेलेध म्हणाली. एवढंच.

आम्ही खेळलो. अकराच्या सुमाराला ते जनावर
आम्हीच रचलेल्या गावात शिरलं,
आम्हीच रचलेल्या शाळेचं छप्पर त्याने उचललं.
मी सांगत होतो, आणि माझा आवाज मला आवडत नव्हता.

तुदुर उठला. खरंच उठला, खुर्ची मागे सारून.
"वाकडी मार्गेद," म्हणाला. "पुलाजवळची.
लहान होतो तेव्हा बाबा मला तिच्या ढोलीत बसवायचा."

फासा टाकला. वीस बाजूंचा, हिरवा, कोपरे झिजलेला.
घरंगळत गेला आणि टेबलाच्या फटीत अडकला,
एका कडेवर तिरका :
त्याच्याकडून एकोणीस, माझ्याकडून एक.

नियमाने पुन्हा टाकायचा असतो.
कुणी हात पुढे केला नाही.
हेलेध खाली वाकून बघत होती,
फाशाकडे नाही, टेबलाकडे.
हे लाकूड कुणाचं, असं
इतक्या शुक्रवारांत
आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.