पान एकशे बारा

दाभोळच्या जेट्टीवर मी तिकिटं फाडते.
माणसाचं एवढं, दुचाकीचं एवढं,
बैल असला तर आत विचारून सांगते.
बोट धोपाव्याला लागून परत येईपर्यंत
एक प्रकरण होतं.
कधी प्रेत सापडतं आणि नेमका भोंगा वाजतो,
मग टेम्पोवाल्याला सुटे देताना
मी त्याच्या हातांकडे जरा जास्तच बघते.

शनिवारी पुस्तक घरी नेते.
शनिवारचं धोंडस ठरलेलं.
पिवळं, जून तवसं, बिया काढून किसलेलं,
तुपावर लालसर कण्या, गूळ, ओलं खोबरं,
आणि चिमूटभर मीठ. ते राहिलं की सगळंच फसतं,
जसा एखादा लेखक खुन्याला कारण द्यायला विसरतो.
तळाला हळदीचं पान.
पातेल्याखाली करवंट्यांचे निखारे,
झाकणावरही निखारे.
वरून आच, खालून आच,
मध्ये बसलेल्यानं कधीतरी बोलायचंच.
फौजदारसुद्धा हेच करतो, पान ऐंशीच्या पुढे.

झाकण उघडायचं नाही. शेवट आधी वाचायचा नाही.
पहिलं आईनं शिकवलं,
दुसरं मी माझी शिकले, एक चांगलं पुस्तक वाया घालवून.

"गोड आणि खून कसं गो जमतं तुला?" जाऊ विचारते.
लाडू जमत नाही, तो पानांत सांडतो.
शेव नकोच, तिच्या कुरकुरीत
जिन्यावरची पावलं ऐकू येत नाहीत.
धोंडस गप्प असतं.
विषाची बाटली सापडते त्या ओळीला
खरपूस कड दाताखाली हळूच मोडते,
एवढाच आवाज.

गेल्या रविवारी सकाळी
पातेल्यातली एका बाजूची कड गायब.
सुरीनं नाही, बोटांनी.
आणि मी सत्त्याण्णवचा कोपरा दुमडून झोपलेले,
तर पान एकशे बारावर
गुळाचा अंगठा.

मांजर वाचत नाही.
जाऊचा चष्मा दापोलीला, दुरुस्तीला.
मुलगा चिपळूणला, होस्टेलवर.
राहिला धाकू,
लाँचची इंजिनं उघडून बसणारा,
"खुनाबिनाचं काय वाचतेस, जगात कमी हाईत काय?"
असं पंचवीस वर्षं म्हणत आलेला
माझा नवरा.

मी ठसा खिडकीशी धरला.
गुळाच्या कडेला डिझेलची काळी रेघ,
मधोमध आडवा व्रण,
पंख्याच्या पात्यानं दिलेला, हर्णैच्या धक्क्यावर.
टाके मीच मोजले होते तेव्हा. सात.

पुरावा होता, पण पुराव्यानं काय होतं?
चहा ओतताना सहज विचारलं,
त्या डॉक्टरची बायको खरंच गोव्याला गेली असेल काय?

"कुठली जातेय," बशीवर फुंकर मारत तो म्हणाला,
"तिकीट तर भावाच्या नावावर—"

आणि मग बशीतच बघत राहिला,
चहा निवेपर्यंत.

मी काही बोलले नाही.
वाचनालयाचं जुनं पुस्तक, शिवण उसवलेली,
शेवटचं पान सुटंच होतं.
ते आता जेट्टीवर माझ्या गल्ल्यात आहे,
दहाच्या नोटांखाली, पालथं.
मीही वाचलेलं नाही. शपथ.

आज शनिवार.
तवसं दोन किलोचं आणलंय, नेहमीपेक्षा मोठं.
पुस्तक फळीवर, त्याचा हात पोचेल असं ठेवलंय.
निखारे खाली, निखारे वर.
धाकू पडवीत बसून पाना पुसतोय,
केव्हाचा पुसतोय,
तो कधीच पुसून झालाय.