बांधणीला आलेलं पुस्तक

रेल्वेच्या क्लबातून बांधणीला आलं होतं ते,
पुठ्ठा सुटलेला, पाठीला वाळवी.
चिठ्ठीवर एवढंच: अर्जंट.
मग न्यायला कोणी आलं नाही.

आमचे बाबा, लोटन भावसार, भुसावळ,
खळीत मोरचूद घोटून बोटं निळी झालेले,
म्हणाले, हात धुऊन बघा. लोकांचं आहे.

मे महिना. बाहेर डांबर पातळ झालेलं,
आत पानापानांत पाऊस, समुद्र, धुकं.
चित्रावर झिरझिरीत कागदाचा पदर,
तो उचलला की
चष्मा लावलेली चिचुंद्री हिशेब लिहितेय,
बोका आरशापुढे दाढी करतोय,
टेबलावर बशीत गोल गोल काहीतरी.
बट्टी, कौतिक म्हणाला. वरण अजून यायचंय.

एकाचं मात्र नाव लागेना.
काळा कोट, पांढरा सदरा, रंगवलेली चोच,
होडीत उभा, हातात कंदील.
काठावर साळू, डोक्यावर बोचकं.
शेजारच्या गार्डकाकांना विचारलं.
तापीवर असलं पाखरू नाही, म्हणाले.
शेवटी बाबांनीच ठरवलं:
वकील झालेला पोपट.

चित्राखाली इंग्रजीच्या दोन ओळी,
आम्हांला मुंग्यांची रांग.
मग कौतिकनं त्याला घरची बोली दिली:
"उनी का वं माय? बठ. जागा शे."
रोज दुपारी तो तेच बोलायचा
आणि साळू रोज पलीकडे पोचायची.

नववीत, घरी कोणी नसताना,
बोट ठेवत ठेवत मी त्या ओळी लावल्या.
तो म्हणत होता,
होडी भरली. काट्यांना जागा नाही. माघारी जा.
मी कागदाचा पदर नीट पाडला.
कौतिकला अजून सांगितलेलं नाही.

तो आता वरणगावच्या अलीकडे फाटकावर असतो.
पाडायचं, उचलायचं, शिव्या खायच्या.
परवा रात्री मालगाडी लांबली,
मी रिक्षात मागे, अंधारात, त्याला दिसले नाही.
एक म्हातारी बोचकं घेऊन रुळाशी थबकली.
त्यानं बत्ती वर केली,
बाकावरचा आपला डबा उचलून मांडीवर घेतला.
काय म्हणाला ते
इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.
मला पाठ होतं.

पुस्तक कपाटात आहे.
अजून आमचं नाही.
चिठ्ठीवर तसंच: अर्जंट.