तासभर पुढे

पुंता अरेनासला जूनमध्ये साडेपाचला रात्र होते.
दोन्या झ्लातांचा फोन आला तेव्हा
रात्र होऊन तास उलटला होता:
"हे मला आत घेतं आणि लगेच बाहेर काढतं.
पासवर्ड बरोबर आहे. तू ये."

वारा असा, की चौकात माणसांना धरायला बांधलेले दोर
स्वतःच कशाला तरी धरू बघत होते.
दोर त्यांच्याच दुकानातले.
एका भेंडोळ्याचे पैसे नगरपालिकेकडून यायचेत अजून,
हे त्या मला दरवेळी सांगतात,
जणू मीच नगरपालिका.

आत डांबराचा, मेणकापडाचा वास.
गल्ल्यामागे संगणक,
पडद्यावर हिशेबांचा बंद दरवाजा: नाव, पासवर्ड.
त्यांनी एका बोटाने टाइप केलं,
बटणं जन्मभर लक्षात ठेवतील असं.
क्षणभर आतलं दिसलं, खरेदी, विक्री, येणी, देणी,
आणि लगेच
'आपले सत्र संपले आहे. कृपया पुन्हा प्रवेश करा.'

"संपलं म्हणे! अजून बूडसुद्धा टेकलं नाही माझं."

मग मी आमच्या धंद्यातले सगळे नवस फेडले.
कॅशे पुसली. कुकीज पुसल्या. दुसरा ब्राउझर.
नवा पासवर्ड घेतला; त्यात एखादा आकडा हवा होता,
तर त्यांनी नवऱ्याची बोट बुडाली ते साल घातलं,
आणि पुठ्ठ्यावर लिहून गल्ल्याखाली चिकटवलं,
माझ्यादेखत.
मोडेम बंद. तीसपर्यंत आकडे. चालू.
ये रे माझ्या मागल्या.

रेमिखियो दोर मापता मापता म्हणाला,
"दुसरं कोणी आत बसलंय का बघ.
आमच्या बोटीवर एका खाटेवर दोघं झोपायचो, पाळीपाळीने.
एक उठेना, की दुसरा उभा."
पाहिलं. कोणी नव्हतं.
एक खातं, एक परवाना, एक बाई,
आणि कराचं विवरण मध्यरात्रीच्या आत.

मी प्रवेशांची नोंद उघडली.
तिकडे, जिथे कुठे तो सर्व्हर असेल तिथे,
दोन्या झ्लातांची प्रत्येक खेप
आमच्या भिंतीवरल्या घड्याळाच्या तासभर मागे.

"एप्रिलमध्ये घड्याळाला हात लावला होतात?"
"लावणारच! एका सोमवारी येऊन बघते,
तर हा आपला आपण तासभर मागे गेलेला.
सान्तियागोवाले हिवाळ्यात काटे फिरवतात, फिरवोत.
आपण फिरवत नाही.
राजधानीची वेळ माझ्या दुकानात नको.
ओढला पुढे."

वेळ बरोबर होती. गाव चुकलं होतं.
संगणक मनाने अजून सान्तियागोतच राहत होता,
वर हाताने पुढे ओढलेला.
सत्र मिळायचं अर्ध्या तासाचं,
आणि त्याच्या लेखी ते सुरू होण्याआधीच
अर्धा तास शिळं झालेलं.
त्याने तरी काय करावं?
दार उघडायचा, घड्याळ बघायचा,
आणि प्रामाणिकपणे हाकलून द्यायचा.

मी जगभरच्या गावांची यादी खाली सरकवत नेली,
एक नाव निवडलं.
पडद्यावरचा आकडा हललासुद्धा नाही:
सात बेचाळीस होते, सात बेचाळीसच राहिले.
दोन्या झ्लातांनी चष्मा पुसून घातला.
"काय लिहिलंय ते?"
"पुंता अरेनास."
"सान्तियागोच्या खाली, बारीक अक्षरात?"
"नाही. वेगळं. आपल्या ओळीत."
"पुन्हा वाच."
वाचलं.
"रेमिखियो, इकडे ये, हे बघ,"
आणि तो कातरी हातात घेऊनच आला,
दोघं वाकून बघत राहिले,
विवरण, मध्यरात्र, मी, सगळं बाजूला.

मग त्या आत गेल्या, आणि आतच राहिल्या.
सगळ्यात आधी उघडली येणी.
नगरपालिका, दोर, भेंडोळं एक.
मला म्हणाल्या, "बघ, अजून आहे."