इंजिनाचा दम

दिवे घाटात गुडघ्यांनी हिशेब मागितला,
मस्तानी तलावापाशी पहिली बाटली संपली.
मग राजेवाडीच्या अलीकडे
गिरिपुष्पाच्या रानात शिरलो
आणि सायकल एकदम हलकी झाली.

"हितनं मीटरगेज जायची,"
शेळ्या अडवून तुळाजी खोमणे म्हणाले.
"रूळ भंगारात गेलं.
स्लीपर आमच्या गोठ्याला. तुळया."

चढ आहे, पण कळत नाही.
इंजिनाला दम लागू नये म्हणून
कुणीतरी हा डोंगर
बोट बोट उतरवत नेलाय.
त्यांना काय ठाऊक,
पन्नाशीतला एक बँकवाला
त्यांच्या पहारीच्या जोरावर
शीळ घालत जाईल.

निघताना खडीतला एक काळा दगड
खिशात टाकला.
घाट उतरेपर्यंत
मांडीला टोचत होता.